डिप्रेशनमधून बरं झाल्यावर टॉक थेरपी - ते परत येऊ नये म्हणून कोणी केली आहे का?

शेवंती

डिप्रेशनवर इथे आधी धागे येऊन गेलेत, पण बहुतेक सगळे आजार चालू असतानाचे आहेत, म्हणजे डॉक्टर कसा शोधायचा, गोळ्यांची सवय लागते का, घरच्यांना कसं सांगायचं वगैरे. मला त्याच्या पुढचं बोलायचंय. बरं झाल्यानंतरचं.

मला तीन एपिसोड होऊन गेलेत. पहिला लेकीच्या जन्मानंतर, दुसरा बाबा गेले त्या वर्षी आणि तिसरा काही म्हणजे काही कारण नसताना. घरात सगळं सुरळीत, नोकरी बरी, सासूबाईंची तब्येत चांगली, आणि तरी सकाळी उठून दात घासणंसुद्धा नको व्हायचं. तिन्ही वेळा गोळ्यांनी बरी झाले, पहिल्या दोन वेळा डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच हळूहळू कमी करून बंद केल्या, आणि तरी परत आलंच. तिसऱ्या वेळी बरं वाटायला लागल्यावर आमच्या सायकियाट्रिस्ट मॅडम म्हणाल्या की आता थेरपी सुरू कर. मी म्हटलं आता तर मी ठीक आहे, आता जाऊन काय बोलू? तर म्हणाल्या, म्हणूनच आता, आजारात होतीस तेव्हा समोरचा काय बोलतोय ते तरी डोक्यात शिरत होतं का?

ते पटलं. मग इथे नाशिकमध्येच एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी तपासून बदलायची टॉक थेरपी) सुरू केली. मराठीतूनच बोलतो आम्ही, मला ते फार गरजेचं होतं. आधी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, आता अधूनमधून. गोळ्या चालूच आहेत, तो विषय मॅडमकडे.

मला वाटलं होतं लहानपणापासूनचं सगळं उकरून काढतील. तसं काही झालं नाही. पहिली काही सेशन्स आम्ही फक्त मागचे तीन एपिसोड सुरू कसे झाले ते बघत होतो, अगदी आधीच्या महिन्या-दोन महिन्यांत काय काय बदललं होतं ते. आणि मला स्वतःलाच माहीत नव्हतं असं बरंच निघालं. माझी पहिली खूण रडू येणं ही नाहीच. माझी पहिली खूण म्हणजे धाकट्या बहिणीचा फोन वाजत असतो, मी स्क्रीनकडे बघत बसते, उचलत नाही आणि नंतर "मीटिंगमध्ये होते गं" असा मेसेज टाकते. दुसरी खूण म्हणजे स्वयंपाकात नुसती मुगाची खिचडी, का तर भाजी निवडायचा, चिरायचा कंटाळा. आणि तिसरी पहाटे साडेतीन-चारला जाग, आणि जाग आली की मागच्या सगळ्या गोष्टींची उजळणी. तिन्ही वेळा हाच क्रम! घरच्यांना लक्षात यायचं ते याच्या कितीतरी नंतर, मी रजा टाकून झोपून राहायला लागल्यावर.

आता या खुणा एका कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्यात. खाली लिहिलंय की यातल्या दोन गोष्टी आठवडाभर दिसल्या तर काय करायचं. बहिणीला सांगायचं, संध्याकाळी नवऱ्याबरोबर चालायला जायचं (मूड असो नसो), झोपेची वेळ पाळायची, थेरपिस्टची वेळ घ्यायची, आणि दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर सरळ मॅडमना फोन. नवऱ्यासाठी वेगळी ओळ आहे, "काय झालं म्हणून सारखं विचारू नकोस, चल म्हण."

कोणी असं बरं झाल्यावर केलंय का? किती दिवस चालू ठेवलं? मधेच बंद करून परत जाता येतं का? आणि ज्यांना पटत नाही त्यांनीही लिहा, मला ऐकायचंय.

---

रानवारा

स्पष्टच विचारतो, राग मानू नका. गोळ्या चालू आहेत, बरं वाटतंय, मग दर आठवड्याला पैसे देऊन बोलायचं कशासाठी? माझ्या भावाला दोनदा डिप्रेशन आलं, त्याला पण असंच सांगितलं होतं. एका सेशनचे हजार-दीड हजार, वर येणंजाणं, अर्धा दिवस रजा. त्याला शेवटी हेच टेन्शन झालं. घरातल्या माणसांशी, मित्रांशी बोललं तर नाही का चालणार? मनापासून विचारतोय, कारण भावाला काय सांगायचं ते मला ठरवायचंय.

---

आरसपानी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पुण्यात प्रॅक्टिस करते. शेवंती, तुम्ही लिहिलंय ते वाचून बरं वाटलं, कारण हा भाग पेशंटना समजावताना आम्हाला खरंच दमछाक होते, बरं वाटायला लागलं की लोक येणं थांबवतात आणि त्यांच्या बाजूने ते साहजिकच आहे.

रानवारा, तुमचा प्रश्न रास्त आहे. मित्राशी बोलणं हवंच, त्याला पर्याय नाही. पण थेरपीत नुसतं मन मोकळं करणं नसतं. डिप्रेशन हा परत परत येणारा आजार आहे. एकदा येऊन गेलेल्या साधारण निम्म्या लोकांना पुन्हा येतो आणि जितके एपिसोड जास्त तितका पुढचा येण्याचा धोका वाढतो. पहिल्या एपिसोडच्या मागे बहुतेक वेळा काहीतरी मोठं घडलेलं असतं, मृत्यू, बाळंतपण, नोकरी जाणं. पुढे पुढे तेवढं मोठं कारण लागतही नाही. साधा वाईट गेलेला दिवस, थोडी उदासी, एवढ्यावर जुनी विचारांची साखळी आपोआप सुरू होते, "झालं, परत तेच, मी कधी सुधारणारच नाही" आणि मग त्याच त्याच गोष्टी तासन् तास घोळवत बसणं. शेवंतींचा तिसरा एपिसोड कारणाशिवाय आला ना, ते यात बसतं.

गोळ्या घेत असेपर्यंत संरक्षण देतात आणि ते संरक्षण खरं आहे, कोणीही त्याला कमी लेखू नये. ब्रिटनमध्ये अँटलर नावाची चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. बरीच वर्षं गोळ्या घेणारे आणि आता बंद करायला हरकत नाही असं वाटण्याइतके बरे असलेले ४७८ लोक होते. ज्यांनी गोळ्या चालू ठेवल्या त्यांच्यातल्या ३९ टक्के लोकांना वर्षभरात परत त्रास झाला, ज्यांच्या हळूहळू बंद केल्या त्यांच्यात ५६ टक्के. म्हणजे दोन गोष्टी दिसतात, गोळ्यांचा फायदा आहे आणि गोळ्या चालू असूनही १०० टक्के हमी नाही. ही जी उरलेली जागा आहे तिथे थेरपीचं काम आहे.

आणि थेरपीचा परिणाम ती संपल्यावरही काही काळ टिकतो. अमेरिकेत हॉलन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की कॉग्निटिव्ह थेरपीने बरे झालेल्यांची थेरपी थांबवली तरी पुढच्या वर्षभरात साधारण ३१ टक्के लोकांना परत आलं, आणि गोळ्यांनी बरे होऊन नंतर ज्यांच्या गोळ्या काढल्या त्यांच्यात ७६ टक्के. अभ्यास लहान होता, पण आकडे बोलके आहेत. तुमच्या भावाला दोनदा येऊन गेलंय म्हणजे त्याच्यासाठी हे नक्की विचार करण्यासारखं आहे. बरं, खूप वर्षं दर आठवड्याला यावं लागतं असंही नाही, फक्त रिलॅप्स, म्हणजे आजार परत येणं, टाळण्यासाठीचे कोर्स आठ सेशन्सच्या आसपास असतात. खर्चाचं त्याच्या थेरपिस्टशी उघड बोला, पंधरा दिवसांनी, महिन्याने, ऑनलाइन, बरंच काही बसवता येतं.

---

थेम्सकाठ

मी लंडनला असते, मला एनएचएसमधून (इथली सरकारी आरोग्यसेवा) एमबीसीटीचा ग्रुप मिळाला होता, म्हणजे माइंडफुलनेसवर आधारलेली कॉग्निटिव्ह थेरपी. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा दोन तास आणि रोज घरी सराव. हे मुळात याच कामासाठी तयार केलंय, बरे झालेल्यांना परत डिप्रेशन येऊ नये म्हणून. सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी. २००० साली त्यांचा पहिला मोठा अभ्यास आला, टोरांटो, केंब्रिज आणि वेल्स अशा तीन ठिकाणी १४५ लोकांवर. तीन किंवा जास्त एपिसोड झालेल्यांमध्ये नेहमीच्या उपचारांत ६६ टक्के लोकांना परत आलं आणि एमबीसीटीवाल्यांमध्ये ३७ टक्के. दोनच एपिसोड झालेल्यांना मात्र असा फायदा दिसला नाही. आमच्या ट्रेनरने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

माझा अनुभव सांगते. पहिले तीन आठवडे मला अजिबात आवडलं नव्हतं, पडून राहायचं आणि पायाच्या अंगठ्यापासून एकेका भागाकडे लक्ष न्यायचं, माझं मन सगळं सोडून भारतात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनकडे. पण हळूहळू एक झालं, विचार आला की तो विचार आहे एवढं कळायला लागलं. पूर्वी "मी कुणाला नकोय" असं मनात आलं की ती बातमीच असायची माझ्यासाठी, आता "हं, हा तो आला" असं होतं आणि मी चहा ठेवते. त्यातला तीन मिनिटांचा एक श्वासाचा व्यायाम आहे, तो मी ट्यूबमध्येही (इथली मेट्रो) करते. आपल्याकडे विपश्यना केलेले लोक म्हणतील हे तर आम्हाला माहीतच आहे, मुळं ध्यानातलीच आहेत, पण यात डिप्रेशन कसं परत येतं ते शिकवतात आणि शेवटी शेवंतीसारखाच खुणांचा कागद करायला लावतात. तीव्र डिप्रेशन चालू असताना दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन बसू नका, एवढं मात्र कळकळीने सांगते, आधी डॉक्टरांना विचारा.

---

रानवारा

आरसपानी, धन्यवाद, एवढं सविस्तर लिहिलंत. मग थेरपी केली तर गोळ्या बंद करता येतील का? भावाचा पहिला प्रश्न हाच असणार. वजन वाढलंय त्याचं आणि तो वैतागलाय.

---

आरसपानी

याचं उत्तर सरळ हो किंवा नाही असं देता येत नाही, आणि हा निर्णय त्याच्या सायकियाट्रिस्टशिवाय घ्यायचाच नाही, हे आधीच सांगते. एमबीसीटी करत हळूहळू गोळ्या कमी करणं आणि गोळ्या चालू ठेवणं यांची तुलना ब्रिटनमध्येच झालीय, ४२४ लोक, दोन वर्षं, २०१५ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. एमबीसीटीवाल्यांमध्ये ४४ टक्के लोकांना परत आलं आणि गोळ्या चालू ठेवणाऱ्यांमध्ये ४७ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. थेरपी गोळ्यांपेक्षा सरस ठरली नाही, पण ज्यांना गोळ्या नको आहेत त्यांना एक रस्ता आहे हे कळलं. ब्रिटनमध्ये उपचार कसे द्यावेत ते सांगणाऱ्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही ज्यांना गोळ्या थांबवायच्या आहेत अशा लोकांसाठी ग्रुप सीबीटी किंवा एमबीसीटीचा पर्याय दिलाय. उलट नेदरलँड्समधल्या २०१८ च्या अभ्यासात गोळ्या चालू ठेवून वर प्रिव्हेन्टिव्ह कॉग्निटिव्ह थेरपी (आजार परत येऊ नये म्हणून द्यायची थेरपी) दिली तेव्हा नुसत्या गोळ्यांपेक्षा धोका ४१ टक्क्यांनी कमी झाला. माझं स्वतःचं मत विचाराल तर बऱ्याच एपिसोडनंतर दोन्ही एकत्र, आणि वजनाची तक्रार डॉक्टरांना स्पष्ट सांगावी, गोळी बदलता येते. मनाने अचानक बंद करू नये, चक्कर, झोप उडणं, अंगात झिणझिण्या असा त्रास होतो आणि लोकांना वाटतं आजारच परत आला.

अजून एक, कोणाला मधेच खूप उत्साह, झोप न लागताही ताकद, वारेमाप खर्च असे दिवस येऊन गेले असतील तर तो बायपोलर असू शकतो, तिथे उपचार वेगळे आहेत. वरचे आकडे त्यांना लागू करू नका.

---

सिद्धेश्वर_लातूर

हे सगळं पुण्या-मुंबईचं आणि लंडनचं झालं. आमच्याकडे तालुक्याला सायकियाट्रिस्ट महिन्यातून एकदा येतात, पाच मिनिटं बघतात, गोळ्या लिहितात. थेरपिस्ट नावाचा माणूस मी पाहिलेला नाही. मला गेल्या वर्षी झालं होतं, आता बरा आहे, शेती आणि दुकान दोन्ही बघतो. पण पाऊस लांबला की छातीत धडधड सुरू होते की परत तसं होणार. मी काय करू?

---

तिरफळ

सिद्धेश्वर, मी गोव्याची, तुमच्यासाठीच लिहितेय. आमच्याकडे संगत नावाची संस्था आहे, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली. त्यांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला, समुपदेशन करणारे लोक मानसशास्त्र शिकलेले नव्हते, साधी माणसं, त्यांना ट्रेनिंग दिलं. सहा ते आठ भेटी, केंद्रात किंवा पेशंटच्या घरी, कोंकणी-मराठीत. भर बोलण्याइतकाच करण्यावर. डिप्रेशनमध्ये माणूस एकेक काम सोडत जातो आणि सोडत गेला की अजून उदास होतो, म्हणून छोटी छोटी कामं ठरवून परत सुरू करायची, पुढच्या भेटीत काय जमलं काय नाही ते बघायचं. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के. २०१७ मध्ये लॅन्सेटला आलं आणि वर्षानेही फायदा टिकून होता.

माझ्या मावशीला असंच एका कौन्सिलर मुलीने मदत केली (दुसऱ्या एका कार्यक्रमातून). मावशीने देवळात जाणं, शेजारी बसणं, अबोलीचे वळेसर (गजरे) करणं सगळं सोडलं होतं. त्या मुलीने फक्त विचारलं, यातलं सगळ्यात सोपं कुठलं? मावशी म्हणाली, फुलं. मग आठवडाभर रोज एक वळेसर, विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, फक्त करायचा. तिथून सुरू झालं. आणि आता मावशीला ठाऊक आहे की फुलं परडीत तशीच सुकायला लागली की सुनेला सांगायचं.

म्हणून म्हणते, मोठी डिग्रीवाला नाही मिळाला तरी पद्धत माहीत असलेलं माणूस मिळालं तर फरक पडतो.

---

आरसपानी

तिरफळ, फार महत्त्वाचं लिहिलंत.

सिद्धेश्वर, तुम्ही जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात चौकशी करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सायकियाट्रिस्टबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सोशल वर्कर अशी पदं असतात, भरलेली आहेत का ते जाऊनच कळेल. टेलीमानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ती फक्त जिवाचं बरंवाईट करावंसं वाटणाऱ्यांसाठी आहे असं समजू नका, पाऊस लांबला आणि धडधडतंय म्हणूनही फोन करू शकता. आणि मरणाचे विचार येत असतील तर वाट बघायचीच नाही, लगेच फोन करायचा, घरच्या एका माणसाला शेजारी बसवायचं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल सेवाही आहे, फोनवर समुपदेशन देते. ठाण्याची आयपीएच ही डॉ. आनंद नाडकर्णींची संस्था १९९० पासून मराठीत हेच काम करतेय, त्यांचे व्हिडिओ ऐका, अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची विवेकनिष्ठ पद्धत इतक्या सोप्या मराठीत दुसरीकडे ऐकायला मिळणं अवघड आहे.

थेरपिस्ट शोधणाऱ्या बाकीच्यांसाठी, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी असते, नंबर विचारा, त्यात कोणाला राग यायचं कारण नाही. पहिल्या भेटीत सरळ म्हणा, मी आता बरा आहे, मला परत होऊ नये म्हणून काम करायचंय, तुम्ही ते कसं करता? उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे जा.

---

मनमोकळा

नवऱ्याच्या बाजूने लिहितो. बायकोला दोन एपिसोड झालेत. ती बरी असते तेव्हा आम्ही दोघंही त्या विषयाचं नाव काढत नाही, जणू नाव काढलं तर येईल. आमच्या कोकणात पावसाळ्याच्या आधी घर शाकारून घेतात, गळायला लागल्यावर कोणी कौलांवर चढत नाही, आणि इथे आम्ही नेमकं ते टाळतोय असं शेवंतीताईंचं वाचून वाटलं. पण मला भीती एकच, मी तिच्यावर पाळत ठेवतोय असं तिला वाटलं तर? ती एक दिवस गप्प बसली तरी माझ्या पोटात गोळा येतो.

---

शेवंती

मनमोकळा दादा, हा प्रश्न आमच्याकडेही होता, अगदी भांडणं झाली यावरून. मी एकदा डोकं दुखतं म्हणून दुपारी झोपले तर नवऱ्याने बहिणीला फोन केला. मग थेरपिस्टनी एका सेशनला त्यालाही बोलावलं. तिथे आम्ही ठरवलं की कागदावरच्या खुणा मी लिहायच्या, त्याने त्यात भर घालायची नाही. त्याला काही दिसलं तर आठवड्यातून एकदाच, रविवारी चहाच्या वेळी विचारायचं, "कागदावरचं काही आहे का?" मी हो किंवा नाही म्हणायचं, त्यावर वाद नाही. मधल्या सहा दिवसांत मी गप्प असले तर मी नुसतीच गप्प आहे. आणि मरणाबद्दल काही बोलले किंवा दोन दिवस जेवलेच नाही, तर मात्र रविवारची वाट बघायची नाही, थेट डॉक्टर. एवढ्यानेच घरातलं वातावरण किती निवळलं सांगू.

तुमच्या बायकोलाच विचारा तिच्या खुणा कोणत्या. तुम्हाला वाटतंय त्याच्यापेक्षा वेगळ्याच निघतील.

थेरपीतलं अजून एक लिहायचं राहिलं. साहेबांनी माझा एक रिपोर्ट परत पाठवला होता, मी सेशनला जाऊन म्हटलं, मला काहीच धड जमत नाही. थेरपिस्ट म्हणाल्या, काहीच म्हणजे काय काय, लिहून दे. लिहायला घेतलं तर रिपोर्टच्या चार तक्त्यांपैकी एका तक्त्याची बेरीज चुकली होती, बाकी काही नव्हतं. मग म्हणाल्या, तुझ्या बहिणीची बेरीज चुकली असती तर तिला काय म्हणाली असतीस? मी गप्पच. हे असं वारंवार केलं, प्रत्येक वेळी वेगळ्या प्रसंगावर, आणि आता ते घरी एकटीला करता येतं. मैत्रीण म्हणाली असती "जाऊ दे गं, साहेब तसलाच आहे", तिचंही चुकलं नसतं, पण मला पुढच्या वेळी हातात काही राहिलं नसतं. रानवारा, तुमच्या भावाला हे सांगून बघा.

आरसपानी मॅडम, माझा एक प्रश्न राहिलाय, मधे बंद केलं तर?

---

आरसपानी

चालतं. आम्ही त्याला बूस्टर म्हणतो, तीन-चार महिन्यांनी एखादं सेशन, किंवा ज्या काळात तुम्हाला त्रास होतो त्याच्या आधी. तुमच्या बाबतीत बाबांच्या वर्षश्राद्धाच्या आसपास एक ठेवा. सिद्धेश्वर, तुमच्यासाठी मे अखेर.

खर्चाचं कोणीतरी विचारलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांना मानसिक आजार इतर आजारांसारखाच कव्हर करावा लागतो, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात. ओपीडी कव्हर असेल तर त्यात थेरपी बसते का ते लेखी विचारून घ्या.

---

सिद्धेश्वर_लातूर

काल १४४१६ ला फोन केला. बाई मराठीत बोलल्या, वीस मिनिटं तरी बोलल्या असतील, घाई केली नाही. त्यांनी माझ्याकडूनच काढून घेतलं की गेल्या वर्षी सुरू कसं झालं होतं. माझी पहिली खूण म्हणजे दुकानाची वही लिहिणं बंद होतं. उधारीचे आकडे डोक्यातच ठेवतो आणि मग रात्री तेच घोळत राहतात. बायकोला सांगितलं, ती म्हणाली हे मला माहीत होतं, तुम्ही विचारलंच नाही कधी. जिल्हा रुग्णालयात मंगळवारी जातोय. तिथे कोण भेटतं, काय सांगतात ते इथेच लिहितो, आमच्या भागातल्या अजून कोणाला उपयोग होईल.